छापायचं राहिलेलं नाणं

हिरकणीवाडी, ता. महाड
२४ मार्च २०२५

अंकिता गो,

तुझ्या आत्याचं, बनुबाईचं पत्र हाय हे. दुसरं कोण लिहिणार तुला? ड्युटीवर तुझा फोन गेटावर काढून घेतात, आणि तू सुटतेस तवा हितली रेंज जाते. त्यापेक्षा पाचाडचा पोस्टमन बरा. उशिरा येतो, पण येतो, ताक पितो आणि पत्र घेऊन जातो.

हितं सगळं ठीक हाय. ऊन वाढलंय, त्यामुळं ताक आणि कोकम सरबत जोरात खपतंय. रोपवेच्या रांगेत उभं राहूनच माणसं दमतात. तुझा बाबा, म्हणजे आमचा हैबतीदादा, परवा कापड्याहून तांदूळ घेऊन आला होता. "पोरीचं आता बघायला पाहिजे," म्हणाला. मी म्हटलं, बघ की, डोळे हायत तुला.

आता खरी गंमत सांगते. टपरी झाडताना ताकाच्या माठाजवळ एक नाणं सापडलं. दहाच्या नाण्यासारखं, बाहेर पिवळं, मधी पांढरं. पण त्याच्यावर काहीच नाय. सिंह नाय, आकडा नाय, साल नाय. दोन्ही अंगांनी नुसतं गुळगुळीत. अंगठ्यानं दाबलं तर मधलं पांढरं टपकन खाली पडलं. परत बसवलं तर बसलं.

आमच्याकडं दहाचं नाणं अजून निम्मी माणसं घेत नायत, खोटं हाय म्हणतात. ह्याच्यावर तर काही लिहिलेलंच नाय, मग ह्याला खोटं तरी कसं म्हणायचं? मी ते बशीत ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. लोक हसतात आणि एखादं ताक जास्त पितात.

तू टांकसाळीत कामाला, म्हणून विचारते. तुमच्याकडचं छापायचं राहून गेलेलं तर नाय ना हे?

वेळेवर जेवत जा. डबा तसाच परत नेतेस म्हणे. असं करू नये.

तुझी
आत्या

टांकसाळ वसाहत, मुलींचं वसतिगृह
१ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र जिन्यात उभ्यानंच वाचलं. आधी हसले, मग खोलीत येऊन दार लावून परत वाचलं.

ते नाणं नाही गं. नाणं होण्याआधीची कोरी चकती आहे ती. तिच्या पिवळ्या कड्याला आमच्याकडे सगळे बांगडी म्हणतात आणि मधल्या पांढऱ्या गोलाला टिकली. दोन्ही बाहेरच्या कारखान्यात तयार होतात आणि वेगवेगळ्या पेट्यांतून आमच्याकडे येतात. प्रेसमध्येही दोघी दोन वाटांनी येतात, दोन ठशांच्या मधे भेटतात आणि एकच दणका बसतो. त्या एका दणक्यात सिंह उमटतो, आकडा उमटतो आणि बांगडी टिकलीला अशी आवळून धरते की मग हातोडी घेऊन बसलीस तरी सुटायची नाही. तुझी टिकली अंगठ्यानं पडली, म्हणजे तिला तो दणका बसलेलाच नाही.

माझं काम दणक्याच्या आधीचं. कारखान्याचा माणूस नमुने घेऊन येतो. मी त्यांचं वजन करते, जाडी मोजते, कडा बघते, आणि काम झालं की सही करून नमुने त्याच्या हवाली करते. ते त्यानं कारखान्यात नेऊन वितळवायला द्यायचे. प्रेस हॉलमध्ये मला अजून कोणी उभं करत नाही. तिथला आवाज मात्र भिंतीतून दिवसभर ऐकू येतो.

आता हसू नकोस, नीट वाच. इथून बाहेर पडताना आम्हाला चपलासुद्धा काढून दाखवाव्या लागतात. चकती बाहेर गेली म्हणजे ती चोरीच. मला कायम करायचं की नाही हे जूनमध्ये ठरणार आहे. आणि अशात चकती सापडते कुठे, तर माझ्या सख्ख्या आत्याच्या टपरीवर, बशीत, पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली.

ती आधी बशीतून काढ. आणि मला खरं सांग, कोणी दिली? सुटी बांगडी आणि सुटी टिकली हातोहात फिरत हिरकणीवाडीपर्यंत जोडीनं पोचणं शक्य नाही. वाटेत कुठेतरी ताटातूट झाली असती. कोणीतरी सांभाळून आणली आहे.

आणि मी डबा परत नेते हे तुला कोणी सांगितलं? मी तर घरी कोणालाच लिहिलेलं नाही.

अंकिता

हिरकणीवाडी
७ एप्रिल २०२५

अंकिता गो,

बशीतून काढली. पण उशीर झाला. एका पुण्याच्या बाईनं तिचा व्हिडिओ करून टाकलाही. महाडला इस्माईलभाईंच्या दुकानात बेसन आणायला गेले, तर त्यांच्या लेकीनं, तूबानं तो आधीच बघितलेला. इस्माईलभाई कितीतरी वर्षं कुवेतला होते, देशोदेशीची नाणी डब्यात जपून ठेवलीत त्यांनी. मी चकती काढली तसं त्यांनी शटर निम्मं खाली ओढलं आणि भिंग लावून बघितलं.

"बनुबाय," म्हणाले, "नाण्यांचा मला किती नाद हाय ते तुला माहीत हाय. पण ही तू मला फुकट दिलीस तरी नको. ही सरकारची वस्तू हाय. जिथली तिथं पोचव."

तवा मला कळलं की तू उगाच घाबरली नायस. म्हणून आता सांगते. शब्द दिला होता, पण तुझ्या नोकरीपुढं शब्दाचं काय घेऊन बसायचं.

वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसं येतात ना, त्यातला एक पोरगा दुसऱ्या दिवशी गड बघायला आला. टपरीवर बसला, पोटभर जेवला आणि म्हणाला, "अंकिता मॅडमच्या आत्या तुम्हीच ना?" बुद्धरत्न नाव सांगितलं. चकत्यांच्या कारखान्यात हाय, तुमच्याकडं नमुने घेऊन येतो म्हणाला. तू डबा परत नेतेस हे त्यानंच सांगितलं. मी विचारलं, "आमची पोर दिवसभर करते तरी काय तितं?" तर त्यानं बॅगेतून पुडकं काढलं, एका तळहातावर पिवळं कडं ठेवलं, दुसऱ्यावर पांढरी टिकली, आणि मला सगळं समजावलं. "ह्याच्यात केसाएवढा फरक असला तरी मॅडम माल घेत नायत. माझा दोनदा परत पाठवलाय," म्हणाला. असं कौतुकानं सांगत होता, जसं काय त्यालाच बक्षीस मिळालंय.

तेवढ्यात शाळेची सहल आली. मी भजी सोडायला घेतली, त्या गडबडीत तो उठून गेला. जाताना म्हणाला, "मी आलो होतो हे मॅडमना सांगू नका, रागावतील." दुसऱ्या दिवशी माठाजवळ ही जोडी सापडली. मला वाटलं, मुद्दाम ठेवून गेला. लाजरा असेल, तोंडानं बोलवत नसेल. आता तुझं पत्र वाचून कळतंय की बिचारा विसरला.

मला पोरगा बरा वाटला. जेवताना फोन बघत नव्हता. आता तुझी पाळी, तू खरं सांग.

आत्या

टांकसाळ वसाहत
११ एप्रिल २०२५
(स्पीड पोस्टानं)

आत्या,

घाईत लिहितेय. मार्चअखेरच्या हिशोबात कारखान्यानं कळवलंय की परत आलेल्या नमुन्यांत एक जोडी कमी आहे. सगळे नमुने परत दिल्याची सही माझी आहे. म्हणजे एक तर मी खोटी सही केली किंवा त्यानं जोडी गायब केली. मला चौकशीला बोलावलंय.

ती जोडी काळ नदीत टाक. उथळ पाण्यात नको, डोहात टाक. ही पत्रंही चुलीत घाल. कोणी विचारलंच तर म्हण, तसा कोणी मुलगा आला नव्हता, आणि व्हिडिओतलं ते खेळण्यातलं नाणं होतं.

बुद्धरत्न कारखान्याचा माणूस आहे. नमुने तपासताना तुझ्या टपरीचं कधी बोलले असेन, एवढंच. माझा कोणी नाही. तू मनात भलतं काही आणू नकोस.

अंकिता

हिरकणीवाडी
२० एप्रिल २०२५

अंकिता,

गेटावर तू माझ्याकडं धड बघितलंस पण नाय. बोलायला तर मिळालंच नाय. म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते, मग काय रागवायचं ते रागव.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी नदीवर गेले होते. खोटं सांगत नाय. डोहाच्या कडेला खडकावर बसले, पदराची गाठ सोडली, जोडी हातात घेतली. मग विचार केला, आता मी ही टाकली की काय होईल? चकती नाय. पोरगा आला नव्हता. आत्याला काही माहीत नाय. मग तुझी सही खरी हाय हे कोण सांगणार? तू तर स्वतःच्या हातानं स्वतःचा साक्षीदार बुडवायला निघालेलीस. मी परत गाठ मारली.

गडावरची महाराजांच्या पुण्यतिथीची गर्दी ओसरली तशी टपरी बंद करून महाडला गेले. इस्माईलभाईंनी एसटीत बसवून दिलं. तूबानं तुझ्या टांकसाळीचा पत्ता आणि रेल्वेचं सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. मी एवढ्या लांब कधी एकटी गेले नव्हते. गाडीत एक बाई विचारत होती, कुठं निघालात? मी म्हटलं, टांकसाळीत काम हाय. तिनं लगेच सरकून जागा दिली.

तुमच्या गेटावरच्या त्या वाजणाऱ्या दारातून मी आत गेले तसं ते कोकलायला लागलं. बांगड्या काढल्या, तरी वाजलं. चंचीतला अडकित्ता काढून ठेवला, तरी वाजलं. ती सारिका नावाची शिपाईण वैतागली. "मावशी, अजून काय आणलंय?"

मी पदराची गाठ तिच्या पुढ्यात धरली. "हेच द्यायला आले," म्हटलं. "तुमचं काम अर्धं राहिलंय ह्याच्यावर."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. लगेच साहेब आले, हातमोजे आले, वजनाचा काटा आला. मला खुर्ची दिली, चहा दिला. साहेब म्हणाले, "ही वस्तू इतके दिवस तुमच्याकडे होती आणि तुम्ही लोकांना दाखवत होता? लपवली का नाही?"

मी म्हटलं, "साहेब, लपवायला ती माझी चोरी असायला पाहिजे. पोरगा विसरून गेला. पत्ता ठाऊक नव्हता, आता कळला तर घेऊन आले."

सगळं लिहून घेतलं. तो कधी आला, काय बोलला, बॅगेतून काय काढलं. मी जे झालं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "हा मुलगा तुमचा कोण?"

आता कोणी नाय म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, कोणी नाय तर वाट वाकडी करून तुमच्याकडं कशाला आला. मी म्हटलं, "आमचा होणारा जावई."

मान वळवली तर तू दारात उभी. तुझा चेहरा त्या बांगडीसारखा पिवळा पडलेला.

बोलून बसले गो. साहेबांच्या खोलीतून परत कसं घ्यायचं ते मला कळलं नाय. पत्रं मात्र चुलीत घातली नायत. रागावली असलीस तर तसं लिही, पण लिही.

आत्या

टांकसाळ वसाहत
२६ एप्रिल २०२५

आत्या,

रागावले होते. इतकी की तुझं पत्र आलं तरी उशीखाली तसंच ठेवलं होतं. आज उघडलं आणि नदीचं वाचून रडले.

आता इकडचं ऐक. तू येण्याच्या आदल्या दिवशीच बुद्धरत्नचा जबाब कारखान्यातून इथे आलेला होता. त्यानं स्वतःहून लिहून दिलं होतं की मॅडमनी सगळे नमुने मोजून परत दिले, मी ते थेट कारखान्यात न नेता बरोबर घेऊन महाडला गेलो, रायगडच्या पायथ्याला एका टपरीवर दाखवले आणि तिथे एक जोडी राहिली असावी. साहेबांनी मला तो वाचून दाखवला आणि विचारलं, "सरकारी नमुना ताक पिता पिता हरवला, हे तुम्हाला तरी खरं वाटतं का?" तोवर माझ्या समजुतीनं ती जोडी डोहाच्या तळाशी होती. मीच तिला तिथे पाठवली होती. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली, आत्या, की काय सांगू. तो खरं बोलत होता, आणि त्याला खोटं ठरवायची सगळी तयारी मी करून ठेवली होती.

आणि दुसऱ्या दिवशी तू आलीस. पदराच्या गाठीत पुरावा बांधून.

बांगडी आणि टिकली, दोन्हीचं वजन त्याच खेपेच्या मालाशी जुळलं. तुझा जबाब आणि त्याचा जबाब शब्दाला शब्द जुळला, भज्यांसकट. माझ्या सहीवरचा संशय गेला. त्याला मात्र शिक्षा झाली. बाहेरगावची ड्युटी बंद, आता काही महिने भट्टीवर उभं राहायचं. तो म्हणतो, बरंच झालं, उन्हाळ्यात भट्टी आणि बाहेर सारखंच.

तुझ्या त्या जावयाबद्दल सांगायचं राहिलं. तू गेल्यावर साहेब म्हणाले, "होणाऱ्या नवऱ्याच्या कारखान्याचा माल तुम्हाला तपासता येणार नाही. तुमची बदली करावी लागेल." मी म्हटलं, "सर, आत्या काहीही बोलते. तसं काही नाही."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग तसं लिहून द्या. बदली रद्द करतो."

मी पेनाचं टोपण काढलं. कागदाकडे बघत बसले. आणि टोपण परत लावलं.

साहेबांनी कागद परत खणात टाकला.

मी आता प्रेस हॉलमध्ये आहे. कानात बोळे घालूनही दणके छातीत जाणवतात. पहिल्या दिवशी तिथल्या बाईंनी प्रेसमधून नुकतंच पडलेलं नाणं माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं. मला माहीतच नव्हतं की नवं नाणं गरम असतं. इतके महिने मी फक्त गार चकत्या हाताळत होते.

त्याला मी अजून सगळं सांगितलेलं नाही, पण त्या कोऱ्या कागदाचं सांगितलं. त्यानं ते मला दोनदा सांगायला लावलं.

आता बाबांचा प्रश्न. ते जात काढणार, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. मी रजा घेऊन येते आणि समोर बसून सांगते. तोवर तू गप्प राहा. एवढं एकदा माझं ऐक.

अंकिता

हिरकणीवाडी
४ मे २०२५

अंकिता गो,

गप्प राहा म्हणून मला लिहिलंस, तिथंच चुकलीस. तुमच्या साहेबाला मी जावई सांगून आले आणि सख्ख्या भावाला सांगायचं नाय, हे मला पटेना. दादाला दुसऱ्याकडून कळलं असतं तर त्यानं तुझ्या आधी माझं तोंड बघितलं नसतं.

कापड्याला गेले तर दादा शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. धुरात उभं राहूनच सगळं सांगितलं. नदी, गेट, साहेब, सगळं. तू नदीत टाक म्हणालीस ते पण सांगितलं. हसला. म्हणाला, "घाबरट आईवर गेलीय." मग मी पोराचं नाव सांगितलं.

दादा काठी टेकून उभा राहिला. "बनू, नाव परत सांग."

परत सांगितलं.

"म्हणजे तळ्यावर येतात त्यातला?"

"त्यातलाच."

"गावात मला विचारतील."

"विचारतील," मी म्हटलं. "मला गेटावर विचारलं. मी सांगितलं."

"तुला बोलायला काय जातं? तुला गावात बसायचं नाय."

मग त्यानं पाठ फिरवली आणि नुसता पाला पसरत राहिला. वहिनीनं जेवायला बोलावलं तरी आला नाय. मी दुपारच्या गाडीनं परत आले. वाटेभर वाटत होतं, पोरीनं सांगितलं होतं गप्प राहा, आणि मी सगळं बिघडवून आले. तुला पत्र लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. काय लिहिणार होते?

आणि काल पहिल्या एसटीनं दादा हितं हजर. चूल नुकतीच पेटवली होती. पाणी दिलं, प्यायला. मी भाकऱ्या थापत बसले. चौथी भाकरी तव्यावर पडली तवा म्हणाला, "कुठं बसलेला तो?"

मी दाखवलं. पंख्याखालची कोपऱ्यातली खुर्ची.

दादा उठला आणि त्या खुर्चीत जाऊन बसला. हात मांडीवर ठेवून गडाकडं बघत राहिला, जसं काय कोणाच्या घरी पहिल्यांदा आलाय.

"काय वाढलंस त्याला?"

"पिठलं, भाकरी. ठेचा दोनदा मागितला."

"मला पण तेच वाढ."

मी वाढलं. जेवला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, का कशानं, मी विचारलं नाय. ताट बाजूला सारून हात धुतले आणि गाडीची वेळ विचारली. निघताना पायरीवर थांबला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "राब आटपला की बोलाव त्याला. पण हितं टपरीवर नको. कापड्याला ये म्हणावं. घरात जेवायला."

रजा कवा मिळते ते लगेच कळव.

तुझी
आत्या